मेळघाटातील तंबूचा मुक्काम : दिवसभरात होणाऱ्या या चुका टाळा

विदर्भाच्या उत्तर टोकाला, सातपुड्यातील मेळघाटात स्वतःची गाडी आणि तंबू घेऊन येणाऱ्यांची रात्र बहुधा सकाळी डोंगराच्या पायथ्याच्या परतवाडा गावातच बिघडते. नाश्ता रेंगाळतो, बाजारातील खरेदी लांबते आणि गाडी निघते तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. अमरावतीपासूनचा सपाट रस्ता ज्या वेगाने कापला, तोच हिशेब पुढे सेमाडोह-हरिसालच्या वळणांना लावणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि डोंगराआड तर तो त्याहून लवकर दिसेनासा होतो. म्हणून दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचता येईल एवढाच पल्ला ठरवावा. इंधन, पिण्याचे पाणी आणि स्टेपनीतील हवा यांची खात्री परतवाड्यातच करून घ्यावी, तसेच पुढे मोबाईलला रेंज मिळेलच असे नसल्यामुळे नकाशाही आधीच उतरवून ठेवावा.

उशीर झाला की जिथे अंधार पडेल तिथे तंबू ठोकण्याचा मोह होतो. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे किंवा आग पेटवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे सेमाडोह किंवा कोलकास येथील वनविभागाच्या निवासाचे आरक्षण आधीच करावे, नाहीतर जंगलाबाहेरील गावात मालकाला विचारून त्याच्या वावरात उतरावे आणि पोलीस पाटलांना तसे कळवावे. सिपना नदीचे कोरडे पात्र कितीही सपाट दिसले तरी तिथे झोपू नये, कारण वरच्या डोंगरात पाऊस पडला की आपल्याकडे आभाळ स्वच्छ असतानाही पाणी येते.

झाडाची निवड हा वेगळाच विषय आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती अस्वलाला फार आवडतात. एका एप्रिलात आम्ही सावली चांगली म्हणून मोहाखालीच तंबू लावला होता. पहाटे चारच्या सुमारास पाचोळा खसखसू लागला आणि पाठोपाठ जोरजोराने हुंगल्याचा आवाज आला. उजाडल्यावर तंबूपासून दहा पावलांवर लांब नखांचे ठसे आणि तुडवलेली फुले दिसली. टोपली घेऊन फुले वेचायला आलेल्या एका कोरकू आजींनी ठसे पाहून आम्हाला आधी सामान हलवायला लावले, मगच त्या वेचायला बसल्या.

मुरमाड जमिनीत खुंट्या शिरत नसतील तर त्या ठोकून वाकवू नयेत. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात. सकाळी तंबू आतून ओला आढळल्यास तो फाटला असे समजू नये. तो बहुतेक आपल्याच श्वासाचा ओलावा असतो, म्हणून रात्री खिडकी थोडी उघडी ठेवावी. थंडीमुळे विझत आलेली शेगडी आत घेणे मात्र जिवावर बेतणारे आहे, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

रात्रभर गाडीतील दिवा किंवा फ्रिज चालू राहिल्याने सकाळी बॅटरी उतरलेली असते. गिअरची गाडी सपाट जागी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकलल्यास सुरू होते. ऑटोमॅटिक गाडी अशी सुरू होत नाही, त्यामुळे जंपर केबल जवळ असावी. पंक्चर झाल्यावर काळ्या मातीत जॅक चाक उचलण्याऐवजी स्वतःच खाली जाऊ लागतो, म्हणून त्याखाली फळी ठेवावी. आम्ही पोळपाट वापरला होता, आणि तो पुढे पोळ्यांच्या कामाचा राहिला नाही.

परतीच्या उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेकला जळका वास येऊ लागला तर सुरक्षित जागी गाडी थांबवून ते आपोआप निवू द्यावेत, त्यांवर पाणी ओतू नये.