माजी सैनिकाची आयुष्य-पुस्तिका: ट्रंकेतले कागद आणि घरातली माणसं

वर्षश्राद्धाला किंवा पंच्याहत्तरीला छापलेल्या पुस्तिकेत फौजी माणसाबद्दल बहुधा एकच ओळ असते, 'देशसेवा केली'. यापेक्षा बरंच काही घरातल्या काळ्या ट्रंकेत पडून असतं.

सुरुवात डिस्चार्ज बुकापासून, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या सेवापुस्तकापासून करा. सेवाक्रमांक, भरतीची तारीख, ट्रेड (फौजेतलं कामाचं स्वरूप), हुद्दा, पदकं हे सगळं त्यात असतं. ते हरवलं असेल तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) शोधा, नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या नोंदणीत सेवाक्रमांक बघा. तो हाती असला की रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) पत्र लिहिता येतं: मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. जुन्या पिढीत मास्तरांनी 1 जून लावून टाकायची पद्धत होती आणि पुढे फौजेतही तीच चालली. दोन्ही तारखा द्या, कागदावरची आणि आजी सांगायची ती.

पदकं नीट वाचली तर नकाशा मिळतो. 1971 चा पूर्वी स्टार असेल तर माणूस पूर्व आघाडीवर होता, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिमेला. विशेष सेवा पदकावर 'श्रीलंका' अशी पट्टी म्हणजे श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना. पण 9, 20 किंवा 30 वर्षं सेवेची पदकं आणि स्वातंत्र्याच्या 25व्या वर्षाचं पदक ही शौर्यपदकं नव्हेत. पुस्तिकेत हा घोळ हमखास होतो आणि पलटणीतला जुना साथी पहिल्याच पानावर तो पकडतो. काठावर कोरलेला नंबर, हुद्दा, नाव भिंगाने वाचून उतरवून घ्या. ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात.

आता खरं काम. एका वहीत वर्षवार दोन रकाने पाडा, 'तिकडे' आणि 'इकडे'. तिकडच्या रकान्यात पोस्टिंग, कोर्स, बढती. राष्ट्रीय रायफल्समधली (इतर पलटणींतून ठरावीक मुदतीसाठी पाठवलेल्या जवानांचं दल) दोन-अडीच वर्षं वेगळी दाखवा, नाहीतर त्यांनी पलटण बदलली असं वाचणाऱ्याला वाटतं. इकडच्या रकान्यात लग्न, बाळंतपणं, दुष्काळ, विहीर, घराचा पाया. पत्रांवर नुसतं '56 एपीओ' किंवा '99 एपीओ' (फौजी टपाल कार्यालयाचा क्रमांक) असतं, गावाचं नाव नसतं. त्यामुळे पीस स्टेशनं (कुटुंब सोबत ठेवता येणारी ठाणी) शोधायला मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले जास्त उपयोगी पडतात. केंद्रीय विद्यालय कोणत्या गावचं, कोणत्या इयत्तेपर्यंत, हे पाहिलं की कुटुंब केव्हा सोबत होतं ते कळतं. मधली रिकामी वर्षं बहुधा फील्डची, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणची. त्या वर्षांत पेरणी कोणी केली, आजारी पोराला तालुक्याला कोणी नेलं, हे त्यांच्या पत्नीला विचारा आणि तिच्याच शब्दांत छापा. नवऱ्याच्या चरित्रात तिला तळटीप करून टाकणाऱ्या पुस्तिका आम्हाला अर्ध्या वाटतात.

ते स्वतः हयात असतील तर 'युद्ध कसं होतं?' असं विचारू नका. उत्तर 'ठीक होतं' एवढंच येतं. फोटो हातात देऊन विचारा: उस्ताद (प्रशिक्षण देणारा) कोण, लंगरात (फौजी स्वयंपाकघरात) काय मिळायचं, सुट्टीला निघताना गाडी कुठे बदलायची? एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. एखाद्या नावापाशी ते थांबले तर पुढचा फोटो द्या. निवृत्तीनंतरची वर्षंही घ्या. पंधरा वर्षं भरून पेन्शनवर आलेला जवान पस्तिशीतच घरी येतो. पुढची बँकेतली किंवा एसटीतली नोकरी, शेती, सोसायटीचं राजकारण हाही मोठा काळ असतो.

फोटो 600 डीपीआयवर आणि कागद 300 वर स्कॅन करा. लॅमिनेशन नको, ते पुन्हा सोडवता येत नाही. फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनचा उठाव पुढे दिसतो. मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा; सोळा पानांत बरंच मावतं. मूळ डिस्चार्ज बुक आणि पीपीओ छापखान्यात देऊ नका, कुटुंब पेन्शनच्या कामाला तेच लागतात. पीडीएफ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी सेवाक्रमांक, पीपीओ आणि खातं क्रमांक झाका.