शहराबाहेरच्या शेतांवर जाण्याआधी

गाव नंतर ठरवा, आधी महिना ठरवा. बहुतेक जण उलट करतात. नकाशावर दोन तासांच्या अंतरातलं एखादं शेत हेरतात, सुट्टीचा दिवस धरतात, आणि पोचल्यावर कळतं की तोडणी आटोपून पंधरवडा झाला, आता रिकाम्या सऱ्या बघा. शेताला आपल्या सुट्टीशी काही देणंघेणं नसतं. म्हणून आपल्या भागात कोणत्या महिन्यात काय निघतं, हे आधी एका कागदावर मांडून ठेवा. भाजीवाल्याला विचारलंत तरी निम्मा कागद भरतो.

सगळ्याच पिकांसाठी एवढी पायपीट करायची गरज नाही. बटाटा, कांदा, लाल भोपळा महिनोन्‌महिने टिकतात. दुकानातल्यात आणि शेतावरच्यात फरक उन्नीस-बीसचा. खरी गंमत लवकर उतरणाऱ्या मालात. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, संत्री ही फळं तोडल्यावर गोड होत नाहीत. तोडताना गोडी जेवढी, तेवढीच. केळी आणि टोमॅटो घरी येऊन पिकतात, यांचं तसं नाही. स्ट्रॉबेरी उलटी करून देठापाशी बघा: तिथे पांढरा पट्टा असेल तर ती घरी लाल होईलही, पण आंबटपणा जायचा नाही. लांबच्या बाजारासाठी ती तशीच तोडावी लागते, कारण पूर्ण पिकलेली वाटेतच चेंबते. मका आणि मटार यांची तऱ्हा आणखी वेगळी. तोडल्या क्षणापासून त्यांच्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं, आणि उन्हात हे भराभर होतं. नव्या अतिगोड जातींत हा वेग कमी असतो, पण साध्या मक्याचं कणीस दुपारी तोडून रात्री खाण्यात जी चव आहे, ती तीन दिवसांनी नाही. कणसाचे केस तपकिरी झालेले, वरची पानं हिरवीगार, आणि दाण्याला नख लावल्यावर दुधाळ रस, एवढं जमलं की तोडा.

दिशा ठरवताना एक जुनी गोष्ट अजून कामाला येते. योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदार अर्थतज्ज्ञाने १८२६ साली मांडलं की शहराभोवती शेतीची कडी पडतात: सगळ्यात आतल्या कड्यात दूध आणि भाजीपाला, कारण ते पटकन नासतं, त्याबाहेर जळणाचं जंगल, मग धान्य, आणि अगदी बाहेर चराईची जनावरं. शीतगाड्या आल्या आणि ही कडी बरीच विस्कटली. तरी पालेभाज्या, फुलं, अळंबी आणि दुधाचे गोठे बऱ्याचदा शहराच्या वेशीजवळ सापडतात, तर फळबागा आणि धान्याची शिवारं जरा लांब. एका दिवसात दोन्ही गाठायला जाऊ नका. दिवसाला दोन शेतं पुष्कळ झाली, तिसरं फक्त गाडीतून दिसतं.

मग फोन. मेसेज नको, फोनच करा, आणि धारा काढायच्या वेळेला नको. विचारायचं एवढंच: आत्ता काय तोडणीला आलंय, स्वतः तोडता येतं का, माल वजनावर की टोपलीवर, पैसे रोख की ऑनलाइन, गाडी कुठे लावायची, जेवणाची सोय आहे का, आणि असेल तर किती जणांचं आधी सांगावं लागेल. शेतावरचं जेवण मोजून शिजतं. आयत्या वेळी आठ माणसं उभी राहिली की घरच्यांचं ताट कमी होतं. आणखी एक प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत, तो जरूर विचारा: फवारणी कधी झाली? औषधाच्या लेबलवर, फवारल्यानंतर किती वेळ शेतात शिरू नये आणि किती दिवस तोडणी करू नये, हे दोन्ही छापलेलं असतं. चांगला शेतकरी या प्रश्नावर चिडत नाही.

कपड्यांचं फार नाटक करू नका. पूर्ण बाह्या, टोपी, बंद बूट, बस्स. बुटांवर मात्र मला अडायचंय. जाण्याआधी तळवे ब्रशने घासून धुवा, आणि दुसऱ्या शेतावर जाण्याआधी पुन्हा. केळीचा पनामा रोग पसरवणारी बुरशी मातीत दशकानुदशकं तग धरते आणि चिखलाच्या चिमटीतून नव्या शेतात जाते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये २०१५ साली तिचा टीआर४ हा प्रकार सापडला, तेव्हापासून तिथल्या केळीच्या शेतांवर बूट आणि चाकं धुण्याला फार महत्त्व आलं. जनावरांतला लाळ्या खुरकूत हा संसर्गजन्य रोगही बूट-कपड्यांवरून जातो. अलीकडेच परदेशातल्या गोठ्यात जाऊन आला असाल तर यजमानाला आधी सांगा, आणि तो म्हणाला ‘गोठ्यात नको’, तर नको.

मुलं सोबत असतील तर साबण आणि पाण्याची बाटली घ्या. हाताला लावायचं जंतुनाशक जेल असलं तरी साबण हवाच, कारण वासरांच्या शेणातून येणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीवर ते जेल चालत नाही. खाण्याआधी हात धुवायचे, आणि गोठ्यात काहीच खायचं नाही. गाय आणि वासरू यांच्या मधे कुणी उभं राहू नये. गरोदर बाईने व्यायला आलेल्या मेंढ्यांपासून लांब राहावं. त्यांच्यातले काही संसर्ग गर्भाला घातक असतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, मग तो कितीही शुद्ध असो. कच्चं दूध ‘ताजं आहे, प्या’ म्हणून कुणी प्रेमाने दिलं तरी उकळूनच घ्या. पाश्चरीकरणाला, म्हणजे दूध तापवून त्यातले घातक जंतू मारायला, ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद लागतात. ताजेपणाने ते काम होत नाही.

आता त्या भागाचा म्हणून विकला जाणारा माल. रस्त्याकडेच्या स्टॉलवर सगळ्या हंगामांची फळं एकाच वेळी मांडलेली दिसली तर त्यातली बरीच घाऊक बाजारातून आली आहेत असं समजा. त्यात गुन्हा काही नाही, पण त्यासाठी शहराबाहेर यायची गरज नव्हती. सरळ विचारा: यातलं तुमच्या शेतातलं कुठलं? भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे माल ठरावीक प्रदेशाचा असल्याचा अधिकृत शिक्का असेल तर तो कशाबद्दल आहे तेही बघा. युरोपात १९९२ पासून असे दोन शिक्के आहेत: एकात उत्पादनाचे सगळे टप्पे त्याच प्रदेशात व्हावे लागतात, दुसऱ्यात एखादा टप्पा तिथे झाला तरी चालतो. म्हणजे कच्चा माल बाहेरचा असू शकतो. घासाघीस करू नका. शेतकऱ्याने तुमच्यासाठी काढलेला वेळ त्या भावात धरलेला नसतो.

डिकीची तयारी आदल्या रात्री करा. थंड पेटी, गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, ओलं करून पिळलेलं सुती कापड, आणि दोन उथळ क्रेट. खोल बादलीत भरलेली मऊ फळं खालची खालीच चिरडतात. खरेदी कणखर मालापासून सुरू करा, पालेभाजी आणि मऊ फळं निघताना घ्या. बंद गाडी उन्हात उभी असेल तर जेवायला बसायच्या आधी पेटी सावलीत काढून ठेवा, नाहीतर बाकी सगळं केलेलं तेवढ्यात पाण्यात जातं.

घरी पोचल्यावर दमलेलं असणार, तरी अर्धा तास राखून ठेवा. स्ट्रॉबेरी न धुता फ्रिजमध्ये. धुवायची ती खाताना, नाहीतर ओलाव्याने बुरशी धरते. टोमॅटो बाहेरच, थंडीत त्यांची चव मरते. सफरचंदं पालेभाजीपासून लांब ठेवा, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. पालेभाजी निवडून कापडात गुंडाळली की झालं. बटाटे अंधारात ढकला आणि विसरा. मका मात्र त्याच रात्री, जेवणाआधी, चुलीवर चढवा.