घरातील झिग्बी जाळे आखताना

झिग्बी म्हणजे स्मार्ट घरातली उपकरणे कमी विजेत एकमेकांशी बिनतारी जोडण्याची पद्धत. तिच्या उपकरणांचे जाळे आखताना हबपासूनचे, म्हणजे सगळे जाळे सांभाळणाऱ्या मध्यवर्ती उपकरणापासूनचे, अंतर मोजण्याआधी, घरातल्या कोणत्या उपकरणांना चोवीस तास वीज मिळते, त्यांची यादी करावी. दाराचे किंवा तापमानाचे सेलवर चालणारे सेन्सर दुसऱ्याचा संदेश पुढे नेत नाहीत. ते काम थेट विजेवर चालणारे स्मार्ट प्लग आणि बल्ब, म्हणजेच राउटर, करतात. बल्बवर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण कोणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले की त्यामागची सगळी वाट तुटते. न्यूट्रल तार न लागणारी स्विच मॉड्यूलेही (भिंतीवरच्या बटणामागे बसवायची छोटी स्मार्ट उपकरणे) बहुधा संदेश पुढे नेत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. इन्व्हर्टरवर सहसा दिवे आणि पंखे असतात, प्लगच्या जागा नसतात. त्यामुळे वीज गेली की प्लगचे राउटर बंद पडतात, सेन्सर नवी वाट शोधू लागतात, आणि त्यांतले काही वीज परत आल्यावरही पटकन जागेवर येत नाहीत. म्हणून हब आणि किमान दोन राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. वायरिंग बदलावी लागली तरी हा खर्च टाळू नये, असे माझे मत आहे.

जागा ठरवताना प्रत्येक सेन्सरच्या टप्प्यात दोन राउटर येतील असे पाहावे. आरसीसी भिंत, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी संकेत अडवतात. गच्चीवरच्या टाकीच्या सेन्सरसाठी जिन्याच्या वरच्या टोकाला एक राउटर लागतोच. हब वायफाय राउटरला खेटून ठेवू नये. हब म्हणून संगणकाला लावलेला यूएसबी डोंगल असेल तर तो एक्स्टेन्शन केबलने संगणकापासून दूर न्यावा, कारण यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो.

झिग्बीला याच पट्ट्यात ११ ते २६ असे सोळा चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग, आहेत. वायफाय स्वतःच्या १, ६ किंवा ११ या चॅनेलवर असेल तर झिग्बीचे १५, २० आणि २५ हे त्यांच्या फटींत किंवा पलीकडे पडतात. २६ काही उपकरणांना चालत नाही. चॅनेल पुढे बदलल्यास काही उपकरणे पुन्हा जोडावी लागतात, म्हणून तो सुरुवातीलाच ठरवावा.

आधी राउटर हबजवळून बाहेरच्या दिशेने जोडावेत, मग सेन्सर त्यांच्या कायमच्या जागीच जोडावेत. शेवटी एकेक राउटर काही तास काढून पाहावा. ज्या खोलीतला सेन्सर गप्प होईल, तिथे आणखी एक प्लग लावावा.