बांधकामासाठी क्रेन आणि रिगिंग सेवा भाड्याने घेताना

क्रेनची चौकशी करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती टनी आहे आणि दिवसाचे भाडे किती?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो सर्वांत शेवटी विचारावा. क्रेनवर लिहिलेली क्षमता ही हूक क्रेनच्या अगदी जवळ, साधारण तीन मीटरच्या त्रिज्येवर (म्हणजे आडव्या अंतरावर) असतानाची असते. तीच ५० टनी क्रेन २० मीटरवर बऱ्याचदा दहा टनही उचलू शकत नाही. म्हणून पुरवठादाराला फोन करण्याआधी तीन आकडे हातात हवेत: भाराचे वजन, त्रिज्या आणि उंची.

वजन अंदाजाने धरू नये. ते उत्पादकाच्या कागदावरून किंवा नकाशावरून काढावे. गर्डर आठ टनांचा असेल आणि हूक ब्लॉक (हुकाचा कप्पीसंच), स्प्रेडर बीम (भार पसरून धरणारा दांडा), स्लिंग (भार बांधायचे दोर किंवा पट्टे) व शॅकल (पिनने बंद होणारी जोडकडी) मिळून आणखी एक टन भरत असेल, तर क्रेनच्या दृष्टीने तो भार नऊ टनांचा असतो. त्रिज्या मोजायची ती क्रेनच्या फिरण्याच्या केंद्रापासून हुकापर्यंत, गाडीच्या कडेपासून नव्हे. खोदकामाच्या कडेपासून क्रेन जेवढी मागे उभी करावी लागते, तेवढी ही त्रिज्या वाढते आणि मोठ्या क्रेनची गरज बहुधा इथेच निर्माण होते. हे आकडे देऊन त्या क्रेनचा लोड चार्ट (कोणत्या अंतरावर किती भार उचलता येतो त्याचा तक्ता) मागवावा आणि ठरलेल्या बूमच्या (क्रेनच्या हाताच्या) लांबीला व काउंटरवेटला (तोल सांभाळणाऱ्या मागच्या वजनाला) लागू असलेली ओळ स्वतः वाचावी.

जमिनीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. एका आउटरिगरवर (क्रेनला आधार देणाऱ्या बाजूच्या पायावर) २७ टन भार आला आणि त्याची पाटी अर्धा मीटर बाय अर्धा मीटर असली, तर जमिनीवर दर चौरस मीटरला १०८ टन दाब पडतो. त्याखाली दीड मीटर बाय दीड मीटरची भक्कम मॅट ठेवली की तोच दाब १२ टनांवर येतो. नुकताच भराव केलेला भाग, जमिनीखालच्या वाहिन्या, जुन्या टाक्या आणि डोक्यावरच्या वीजतारा यांची माहिती पुरवठादाराला लेखी द्यावी आणि त्याच्या माणसाने जागा पाहिल्याशिवाय दर अंतिम करू नये. जागा न पाहता फोनवरच दर सांगणाऱ्याबद्दल मी तरी सावध राहतो.

रिगिंग म्हणजे क्रेनसोबत येणारी दोरखंडांची पेटी नव्हे, तर भार हुकाला नीट बांधण्याचे काम. दोन पायांच्या स्लिंगने दहा टन उचलताना पाय क्षितिजाशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे ५.८ टन ताण येतो, आणि ३० अंशांत असतील तर पूर्ण १० टन. हा हिशोब रिगरला विचारून पाहावा. जाणकार माणूस तो लगेच सांगतो. साहित्य आल्यावर प्रत्येक स्लिंगवर क्षमतेचा टॅग आहे का, तारा तुटलेल्या किंवा पीळ पडलेल्या आहेत का आणि शॅकलमध्ये मूळ पिनऐवजी साधा बोल्ट तर घातलेला नाही ना, हे पाहावे. असा एकही बोल्ट दिसला, तर ते साहित्य परत पाठवावे.

क्रेनचे वैध चाचणी प्रमाणपत्र, ऑपरेटरचा परवाना, रिगर व सिग्नलमन यांची पात्रता आणि विम्याची कागदपत्रे आधीच मागवावीत. क्रेनच्या विम्यात हुकाला लटकलेला माल धरलेला असतोच असे नाही, त्यामुळे तो प्रश्न वेगळा विचारावा.

करारात किमान तास, क्रेन व काउंटरवेट आणण्या-नेण्याचा खर्च, इंधन, जादा वेळ आणि बिघाड झाल्यास बदली क्रेन किती वेळात मिळेल, हे स्पष्ट असावे. उचल योजना कोण तयार करणार आणि प्रत्यक्ष उचलीचा प्रमुख कोण, हेही नावानिशी लिहावे. वाऱ्याची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते, पण मोठ्या पत्र्यांसारखे किंवा पॅनेलसारखे पसरट भार त्याआधीच हेलकावू लागतात. अशा वेळी काम थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला असावा, आणि त्या थांबलेल्या तासांचे भाडे कोणी भरायचे, हे सही करण्यापूर्वी ठरवून घ्यावे.