सुईआधीचा पाऊण तास

पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये मी बारा वर्षं सिस्टर आहे. बोटॉक्स (आठ्या घालवायला स्नायू सैल करणारं इंजेक्शन), फिलर (ओठ-गाल भरायला कातडीखाली देतात ते जेल) देणं हे डॉक्टरांचं काम, मी देत नाही. पार्लरमध्ये कुणी देऊ लागलं, तर तुम्ही सरळ खुर्चीतून उठा. माझं काम सुईच्या आधीचं आणि नंतरचं: क्रीम लावायची, बर्फ धरायचा, हात धरू द्यायचा, आणि कोण आता चक्कर येऊन पडणार हे ओळखायचं. "सिस्टर, दुखतं का हो?" असं रोज कुणी ना कुणी विचारतं. मी सांगते, दुखतं. पण किती, ते बरंचसं सुई लागायच्या आधीच ठरलेलं असतं.

तर आधी जेवून या. हे सांगायला काय सिस्टर लागते, असं वाटेल. एक काकू संकष्टीच्या दिवशी पीआरपीला आल्या होत्या, म्हणजे आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेटचा भाग परत टोचतात तो उपचार. सकाळपासून पोटात चहा आणि एक केळं. रक्त काढेपर्यंत माझ्याशी मोदकांबद्दल बोलत होत्या. ट्यूब भरलेली दिसली आणि बोलणं थांबलं, एक जांभई आली, कपाळावर घाम. जांभई आणि घाम दिसला की मी खुर्ची आडवी करते आणि पाय वर उचलते. दोन मिनिटांत त्या भानावर आल्या, पण चंद्रोदयापर्यंतचा उपास लिंबू सरबतावर मोडला. रक्त बघून घेरी येणाऱ्यांना एक युक्ती सांगते. अंग सैल सोडू नका, उलट मांड्या आणि मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा, सोडा, पुन्हा आवळा. रक्तदाब घसरत असतो, तो त्याने सावरतो.

दुखू नये म्हणून आदल्या रात्रीच ब्रुफेन घेऊन येणारे हुशार लोक दर महिन्याला भेटतात. ते नको. या गोळ्यांनी रक्त पटकन थांबत नाही, आणि टोचलं तिथे काळंनिळं होतं. पीआरपीत तर आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट वापरायच्या असतात आणि ही गोळी नेमकी त्यांच्यावरच काम करते. घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, तासभर आधी. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, आदल्या दिवशीचं मद्य यांनीही डाग वाढू शकतात. मात्र हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही. आम्हाला सांगा, निर्णय तुमच्या हृदयाचे डॉक्टर घेतील. कपाळावरच्या आठीसाठी कुणी हृदय पणाला लावू नये.

आता क्रीम, माझा जिव्हाळ्याचा विषय. नेहमीच्या बधिर करणाऱ्या क्रीममध्ये लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असतं, दोन्ही २.५ टक्के. ती चेहऱ्याला चोळायची नसते. पोळीवर तूप लावतो तशी पातळ लावून काही होत नाही, श्रीखंडासारखा जाड थर द्यायचा आणि वरून क्लिंग फिल्म. त्याआधी चेहरा धुऊन पुसून कोरडा. सनस्क्रीन किंवा तेलाचा थर राहिला तर क्रीम त्याच्यावरच बसून राहते. मग थांबायचं. आमच्याकडे चेहऱ्यासाठी पाऊण तास ते तास, डॉक्टर सांगतील तितकं. कातडी आधी पांढुरकी पडते, नंतर कधी कधी लालसर होते, घाबरायचं नाही. डोळ्यांजवळ लावलेली क्रीम बोटाने खाजवून डोळ्यात जाऊ देऊ नका. डोळाच बधिर होतो आणि मग आत कचरा गेला तरी कळत नाही.

हा वेळ कुणालाच नको असतो. नळस्टॉपच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास काढणारी माणसं क्रीमखाली वीस मिनिटांत घड्याळ बघायला लागतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण मी एकदा उलट बाजूला होते. कानाला वरचं दुसरं भोक पाडलं आणि तिथे केलॉइड, म्हणजे वाढत गेलेला जखमेचा वण, आला, बोरीच्या बीएवढा. तेव्हा मी या कामात नव्हते. जिथे गेले तिथे गर्दी होती, दहा मिनिटांत क्रीम पुसली आणि सुई आत. केलॉइड मुळातच कडक. तो बसवायला त्यात स्टेरॉइड ढकलायचं तर जोर लागतो आणि तो जोर कानात ठणकतो. खुर्चीचा हात मी इतका घट्ट धरला होता की रेक्झिनवर नखं उमटली. पुढच्या वेळी दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथे क्रीम पुरता वेळ ठेवली, आजूबाजूला आधी भुलीची छोटी सुई दिली आणि औषधातही लिग्नोकेन मिसळलं. दुखलं, पण डोळ्यात पाणी आलं नाही. त्यामुळे घाईघाईत क्रीम पुसायला कुणी आलं तर "सिस्टर, वेळ झाला का?" असं विचारा. आम्हाला राग येत नाही, आला तर येऊ द्या.

पण जास्त क्रीम म्हणजे कमी दुखणं, हे गणित धोक्याचं. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, याचा इशारा दिला होता. लेझरने केस काढायच्या आधी दोन्ही पायांना जास्त ताकदीची क्रीम फासून प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुण मुली दगावल्या होत्या. म्हणून क्रीम घरी मनाने लावून, स्कार्फ गुंडाळून ॲक्टिव्हावरून येऊ नका. पुण्यात हे होतं, म्हणून सांगते. तोंडाभोवती बधिरपणा, जिभेला धातूसारखी चव, कानात गूं आवाज, असं काही वाटलं तर लगेच सांगायचं. लिग्नोकेनची ॲलर्जी किंवा रक्तातल्या जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असेल तर तेही आधीच.

खुर्चीत बसल्यावर माझं हत्यार म्हणजे बर्फ. गॉजमध्ये गुंडाळलेला तुकडा, टोचायच्या जागी मिनिटभर, सुई येताना बाजूला. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही. काही ठिकाणी हातात धरायचं छोटं कंपन यंत्र शेजारी टेकवतात. गुडघा आपटला की आपण आपोआप चोळतो ना, तेच तत्त्व. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी त्याला गेट कंट्रोल थिअरी म्हटलं: स्पर्शाचा संदेश पोचतो तेव्हा दुखण्याच्या संदेशाला पाठीच्या कण्यातच अडवलं जातं. बाकी स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचं, ओल्या स्पिरिटवरच टोचलं की चुरचुरतं. श्वास सोडताना सुई, घेताना नाही. आणि सुईकडे बघायचं की नाही हे तुम्ही ठरवा. काहींना बघितलं की धीर येतो. एक इंजिनिअर काका आरशात बघून मोजायचे आणि सहाव्या टोचणीला "सुई बोथट झाली वाटतं" म्हणायचे. बरोबर म्हणायचे! बारीक सुई पाच-सहा वेळा टोचली की टोक मार खातं. सुई बदलून घ्या म्हणायला लाजू नका. सुईची जाडी गेजमध्ये मोजतात, गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. बोटॉक्सला ३० किंवा त्याहून बारीक वापरतात.

सगळी टोचणी सारखी नसते. भुवयांमधल्या आठीचं बोटॉक्स पाच टोचण्यांत संपतं, मुंगी चावल्यासारखं. बहुतेकांना नुसता बर्फ पुरतो. ओठांचं फिलर दुखतं, मात्र बऱ्याच फिलरमध्ये लिग्नोकेन आधीच घातलेलं असतं, म्हणून पहिल्या टोचणीनंतर हळूहळू बधिर होत जातं. न जमलं तर डॉक्टर दाताच्या डॉक्टरांसारखी हिरडीत भूल देतात. डोक्यावरच्या पीआरपीत टोचण्या मोजण्यापलीकडच्या असतात, त्यासाठी डोक्याभोवती भुलीचं रिंगण देता येतं, आधी विचारून घ्या. तळहाताला घाम येतो म्हणून दिलेलं बोटॉक्स मात्र सगळ्यात वाईट. तिथे मनगटाजवळ नस बधिर करण्याबद्दल डॉक्टरांशी नक्की बोला.

आता मुद्द्याचं. दुखणं गिळू नका. आपल्याकडच्या बायका ही गोष्ट लहानपणापासून शिकून येतात, सोसायचं आणि "नाही नाही, ठीक आहे" म्हणायचं. फिलर देताना अचानक जोरात कळ आली, कातडी पांढरीफटक पडली, जाळीदार निळसर डाग उठला किंवा दिसणं अंधुक झालं, तर तिथल्या तिथे "थांबा" म्हणा. फिलर रक्तवाहिनीत गेल्याची किंवा तिच्यावर दाब आल्याची ही खूण असू शकते. हायल्युरॉनिक ॲसिडच्या फिलरला विरघळवणारं इंजेक्शन असतं, हायल्युरोनिडेज. ते जितक्या लवकर तितकं बरं. भूल चांगली लागली असेल तर कळ उशिरा येते, म्हणून मी दुखण्यापेक्षा रंगाकडे जास्त बघते. घरी गेल्यावर तुम्हीही बघा. ठणका दर तासाला कमी व्हायला हवा. वाढत असेल तर रात्री अकरा वाजताही फोन करा. "उद्या बघू" नको. आणि ते इंजेक्शन क्लिनिकमध्ये ठेवलेलं आहे का, हे फिलर घेण्याआधीच विचारा.

घरी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, सोसवेल तसा. बोटॉक्सनंतर चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही, चेहऱ्यावर स्कार्फ करकचून बांधायचा नाही. हेल्मेट घालावंच लागणार, म्हणून त्या दिवशी गाडी घरी ठेवा आणि रिक्षाने या.

आणि ओठांना भूल दिली असेल तर चहा दोन-तीन तास नाही. एक मुलगी खाली उतरली आणि समोरच्या अमृततुल्यात गेली. वाफाळता चहा ओठाला लावला, काही कळलंच नाही. फिलरने ओठ चांगले झाले होते, चहाने फोड आला, आणि ती पुन्हा वर आली ती बर्फ मागायला.