जेटफोटोजवर विमानाचा फोटो नाकारला जातो तेव्हा

जेटफोटोज या विमानांच्या फोटोंच्या संकेतस्थळाचे स्क्रीनर, म्हणजे आलेले फोटो तपासणारे, फोटोचं सौंदर्य नंतर बघतात, आधी दोष शोधतात. बरेच फोटो पडतात ते तिरप्या क्षितिजामुळे. धावपट्टीला स्वतःचा उतार असतो, तिच्यावर विसंबू नका. फ्रेमच्या मध्याजवळचा दिव्याचा खांब किंवा इमारतीची उभी कड एडिटरमधल्या ग्रिडच्या उभ्या रेषेला जुळवा.

दुसरा शत्रू सेन्सरवरची धूळ. निळ्या आकाशात डाग डोळ्यांना दिसत नाही. जिम्प या फोटो एडिटरमध्ये फोटोच्या प्रतीवर 'इक्वलाइझ' हा उजेड-अंधाराचा फरक वाढवणारा पर्याय लावा, डाग काळ्या ठिपक्यांसारखे उठून येतात. मूळ फाइलमध्ये तिथेच हीलिंग ब्रश, म्हणजे डाग पुसणारं साधन, फिरवा.

शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, फोटो लहान केल्यावरच, तेही हलक्या हाताने. शेपटीची तिरपी कड १०० टक्क्यांवर बघा: पायऱ्या किंवा पांढरी रेघ दिसली की जास्त झालंय. उन्हाळी दुपारी डांबरावरून उठणाऱ्या झळांनी खिडक्या वितळल्यासारख्या दिसतात. त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. सकाळी जा, जवळून काढा.

मुंबईत धावपट्टी २७ वर उतरणाऱ्या विमानाचं नाक पश्चिमेला असतं, म्हणून सकाळी शेपूट उजळते, चेहरा सावलीत. दुपार कलल्यावर दक्षिणेच्या बाजूने उभे राहा. एटीआर, म्हणजे फिरत्या पंख्यांचं विमान, असेल तर शटर १/२०० सेकंदाच्या आसपास, त्याहून वेगवान ठेवलं तर पंखे गोठतात आणि विमान खेळण्यातलं वाटतं.

नोंदणी क्रमांक विमानावरूनच वाचून भरा, वेळापत्रकावरून नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचा आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचा तळ आहे, तिथे कॅमेरा काढूच नका.