ऑक्झोट्रॉफ शोधताना या चुका टाळा

ऑक्झोट्रॉफ म्हणजे वाढीला लागणारा एखादा घटक स्वतः बनवू न शकणारा म्युटंट, जनुकात बदल झालेला जिवाणू. तो सगळं पोषण असलेल्या कम्प्लीट प्लेटवर वाढतो, मोजकंच पोषण असलेल्या मिनिमलवर नाही. समजा, कम्प्लीट प्लेटवर शंभर कॉलनी (जिवाणूंचे ठिपके), मिनिमलवर सत्त्याण्णव. तीन गळालेल्या दिसल्या की हात लगेच मार्करकडे जातो. जरा थांबा. ती कॉलनी मिनिमलवर उतरली तरी होती का?

रेप्लिका प्लेटिंगमध्ये, म्हणजे कॉलनींचा छाप मखमलीवर घेऊन तो नव्या प्लेट्सवर उमटवताना, सगळ्यात जास्त घोळ छापे मारण्याच्या क्रमात होतो. लेडरबर्ग दांपत्याने 1952 मध्ये ही मखमलीची युक्ती मांडली, पण मखमलीवरचे जिवाणू दर छाप्याला कमी होतात हे आपण विसरतो. म्हणून आधी मिनिमल, कम्प्लीट अगदी शेवटी. शेवटच्या प्लेटवर कॉलनी आली, तर आधीच्या प्लेटलाही जिवाणू मिळाले होते असं धरता येतं. क्रम उलटा केलात तर रिकामी जागा काहीच सांगत नाही. आणि प्लेटच्या कडेला दिशेची खूण करा. ती राहिली की सगळी मेहनत पाण्यात.

उलट फसगतही होते: उगवू नये ते उगवतं. एलबी या भरपूर पोषणाच्या माध्यमात वाढवलेल्या कल्चरचा थेंब तसाच मिनिमलवर ठेवला, तर सोबत आलेल्या अमिनो आम्लांवर ऑक्झोट्रॉफही फिकट सायीसारखा पसरतो. पेशी सलाइनमध्ये दोनदा धुवून, पातळ करून लावा. ठिपके दाटीने लावले तर शेजारचा जिवाणू सोडेल त्यावरही एखादा पोसला जातो. फिकट ठिपक्यात दोन-चार टपोऱ्या कॉलनी वर आल्या असतील, तर ते बहुधा रिव्हर्टंट, म्हणजे पुन्हा मूळ गुणावर आलेले जिवाणू. त्यांनाच पुढे वाढवलंत तर म्युटंट हातचा जातो.

आता पूरक घटक, म्हणजे म्युटंटला नेमकं काय हवं ते शोधायला मिनिमलमध्ये घालतो ते. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. एक म्युटंट एलबीवर छान वाढायचा, मिनिमलवर नाही, आणि कॅसअमिनो आम्ल (अमिनो आम्लांचं तयार मिश्रण) घातलं तरी नाही. म्हणून मी दोन दिवस जीवनसत्त्वांच्या मागे लागलो. कॅसअमिनो आम्ल केसीनचं आम्लाने विघटन करून बनतं आणि त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं, हे ध्यानातच आलं नाही. गडी साधा ट्रिप्टोफॅन ऑक्झोट्रॉफ निघाला! ट्रिप्टोफॅन नेहमी वेगळं, फिल्टर करून घाला.

व्हॅलीनचं वेगळंच. ई. कोलाय जिवाणूच्या के-12 या वाणाला नुसतं व्हॅलीन दिलं तर निरोगी पेशींचीही वाढ अडते, कारण त्याने आयसोल्युसीन बनवण्याची वाट बंद होते. व्हॅलीन द्यायचं तर आयसोल्युसीन सोबत हवंच. दोन्ही मिळूनच वाढणारा म्युटंट दिसला तर चक्रावू नका: ही दोन अमिनो आम्लं बनवण्याच्या बऱ्याच पायऱ्यांवर दोघांसाठी तीच एन्झाइम काम करतात.

मूळ स्ट्रेन (ज्या वाणातून म्युटंट काढले तो) मिनिमलवर न लावणं ही चूक मात्र अक्षम्य. डीएच5-अल्फासारख्या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनना मुळातच थायमिन (जीवनसत्त्व बी1) लागतं. थायमिन नसलेल्या प्लेटवर सगळेच म्युटंट दिसतील.

एम9 हे मिनिमल माध्यम करताना मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि ग्लुकोज वेगळे निर्जंतुक करून, थंड झाल्यावर मिसळा. एकत्र ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केलंत तर फॉस्फेटचा गाळ बसतो.

मिनिमलवर वाढ सावकाश होते. 24 तासांनी कोरी वाटणारी जागा 48 तासांनी पुन्हा पाहा. तेव्हा बारीकशी कॉलनी दिसली, तर ती लीकी म्युटंट, म्हणजे तो घटक थोडाफार बनवू शकणारा, असू शकते. कम्प्लीटवरून एकेक कॉलनी वेगळी करून, मूळ स्ट्रेन शेजारी ठेवून, ती परत तपासा.